बटवा आणि त्याची दोरी

खोकला कधीच झाला नाही असा मनुष्य सापडणे कठीण. आणि खोकल्यावरचा एकही उपाय ठाऊक नाही असा मनुष्य सापडणे त्याहूनही कठीण. आगगाडीच्या डब्यात कोणी दोनदा खोकले, की समोरच्या बाकावरील अपरिचित प्रवासी पिशवीत हात घालून विचारतो, "लवंग देऊ का?" इतर आजारांवरही लोक सल्ले देतात, परंतु खोकल्याइतका सल्ल्यांचा धनी दुसरा आजार नाही.

मराठी माणूस देशाच्या कोणत्याही भागात राहत असो, त्याच्या घरात हे ज्ञान आईबरोबर आलेले असते आणि शेजारणीबरोबर वाढलेले असते. आपल्या अडुळशाला वडोदऱ्याच्या बाजारात 'अरडूसी' म्हणून मागावे लागते, इंदूरला 'अडूसा' म्हणून आणि कोलकात्यास 'बासक' म्हणून. तंजावरकडे त्याला 'आडातोडै' म्हणतात. शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते झाड, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. ज्याने अडुळशाचा रस एकदा तरी चाखला आहे त्याला शेळीचे मत तत्काळ पटेल. नावे निरनिराळी, पण पान तेच, कडूपणा तोच आणि नाक दाबून तो रस पाजणारी आईही तीच.

माझ्या आजीचा बटवा खणाचा होता. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी तो देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेला असे. त्याच्या तोंडाशी ओवलेली सुती दोरी ओढली की बटवा मिटे, सैल केली की उघडे. आत लहान लहान पुरचुंड्या असत. सुंठ, लेंडी पिंपळी, बेहड्याची साल, ज्येष्ठमध, कंकोळ, वेखंड, खडीसाखर, ओवा असे बरेच काही त्यांत असे. पुरचुंड्यांवर नावे लिहिलेली नव्हती, कारण आजीला अक्षरओळख नव्हती. ती पुरचुंडी नाकाशी नेई आणि अंधारातसुद्धा हवी ती वस्तू काढून देई.

या बटव्याविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते हे सारे अडाणीपणाचे अवशेष होत. दुसऱ्या पक्षाच्या मते आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते आणि आधुनिक वैद्यक हा केवळ व्यापार आहे. मला ही दोन्ही मते आळसाची वाटतात. बटव्यात काय काय होते एवढेच पाहून दोन्ही पक्ष थांबतात. ती माणसे तो कसा वापरत होती याची चौकशी कोणीच करीत नाही.

अडुळशाचेच उदाहरण घ्या. त्याची ताजी पाने तशीच कुटली तर रस जवळजवळ निघतच नाही. हाती चोथा येतो. म्हणून आजी पाने प्रथम धुऊन वाफवीत असे, ती मऊ पडली की फडक्यात घालून पिळीत असे आणि त्या रसात मध घालून दोन चमचे देत असे. तिसरा चमचा मागितला तरी ती देत नसे. अर्थात तो मागण्याची बुद्धी आम्हांला कधी झाली नाही. घरात गरोदर लेक किंवा सून असेल तर तिच्या खोकल्यासाठी अडुळशाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. कारण तिला सांगता आले नसते, पण आज ते ठाऊक आहे: अडुळशातील द्रव्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. काढा करताना पातेल्यातील पाणी ती काडी बुडवून मोजी आणि आठाचा एक भाग उरेपर्यंत आटवी. 'अष्टमांश काढा' हा शब्द आपल्या भाषेत आहे तो उगाच नव्हे. खोकल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सितोपलादी चूर्णाचे मापही असेच बांधलेले आहे. दालचिनी एक भाग, वेलदोडा दोन, पिंपळी चार, वंशलोचन आठ आणि खडीसाखर सोळा. प्रत्येक पायरीवर दुप्पट. ज्याला पाढे येत नाहीत त्याच्याही लक्षात राहावे अशी ही रचना आहे.

म्हणजे या परंपरेत नुसत्या वस्तू नव्हत्या. वस्तूंचे प्रमाण होते, करण्याची रीत होती आणि कोणाला द्यायचे नाही याची समज होती. आज आपल्याकडे वस्तू उरल्या आहेत. प्रमाण मात्र हरवत चालले आहे.

या उपायांनी प्रत्यक्षात काय होते, तेही नीट समजून घेतले पाहिजे. खोकला हा मुळात शत्रू नव्हे. तो छातीच्या दाराशी बसलेला राखणदार आहे. धूळ, कफ, चुकून श्वासनलिकेत शिरलेला अन्नाचा कण यांना बाहेर घालविणे हे त्याचे काम. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही आणि काढ्यानेही ते विषाणू मरत नाहीत. शरीरच त्यांना आठ-दहा दिवसांत हुसकावून लावते. खोकला त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. औषध घेतले तर सर्दी सात दिवसांत बरी होते आणि न घेतले तर एक आठवडा लागतो, असे विनोदाने म्हणतात, त्यात बरेच तथ्य आहे. मग काढ्याने काय साधते? गरम पेयाने कफ पातळ होण्यास मदत होते, शरीराला पाणी मिळते. मध, खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी खवखवणाऱ्या घशावर मऊ लेप बसतो आणि खोकल्याची उबळ कमी होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घसा शेकला जातो. आजाराचे दिवस कमी झाले नाहीत तरी रात्र सुसह्य होते. ज्याने खोकणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन रात्र काढली आहे, त्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही.

यातील काही गोष्टींना आधुनिक शास्त्रानेही मान्यता दिली आहे. लहान मुलांच्या खोकल्यावर घशाला आराम देणारा सुरक्षित घरगुती उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच मधाचा उल्लेख केला होता. अडुळशातील 'व्हॅसिसिन' या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध विसाव्या शतकात तयार झाले आणि त्याच्यापासून पुढे अँब्रोक्सॉल आले. आज औषधाच्या दुकानातील कफाच्या पुष्कळशा बाटल्यांवर ही नावे छापलेली आढळतात. आमच्या बांधावरचे झाड असे जगभर हिंडून बाटलीतून परत आले. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पुरावे देऊन १९९७ मध्ये रद्द करविले, तेव्हाही असाच अभिमान वाटला होता. पण तेथेही आपण जिंकलो ते 'आमची आजी सांगत होती' एवढ्यावर नव्हे. जुन्या ग्रंथांतील लिखित उल्लेख समोर ठेवले म्हणून जिंकलो. अभिमान आणि पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

प्रमाण हरवले म्हणजे काय होते, हे २०२० सालच्या साथीत आपण सर्वांनी पाहिले. त्या वर्षी घरोघर काढे उकळू लागले. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा साधा काढा दिवसातून एकदोनदा घेण्यास हरकत नव्हती. परंतु भ्रमणध्वनीवर येणाऱ्या प्रत्येक संदेशागणिक पातेल्यात एकेक वस्तू वाढत गेली आणि काही घरांत तर लोक पाण्याऐवजी काढाच पिऊ लागले. घशाचे रक्षण करता करता पोटात आग पडली. ज्या संदेशावर कोणाचे नाव नाही, ज्यात किती आणि कोणाला याचा पत्ता नाही, त्याला आजीचा सल्ला म्हणता येणार नाही. आजी समोर बसलेली असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "आता कसं वाटतंय?" असे विचारण्यास येत असे.

काही गोष्टी तर स्पष्टच सांगितल्या पाहिजेत. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच चाटवू नये. मधात क्वचित एका जिवाणूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तिच्यामागील माया मी जाणते. तरीही ती चाल सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मायेसाठी दुसरी शंभर निमित्ते सापडतील. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने रक्तदाब वाढतो, तेव्हा रक्तदाबाच्या रोग्याने ते जपून घ्यावे. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि वाफारा घेताना उकळत्या पाण्याचे पातेले मुलाच्या मांडीशी ठेवू नये; सर्दी आठवड्यात जाते, भाजल्याचा व्रण जन्मभर राहतो.

यावर कोणी म्हणेल की, एवढी जोखीम कशाला? दुकानातून खोकल्याची बाटली आणावी हे बरे. दुर्दैवाने बाटलीही डोळे मिटून घेण्याची वस्तू नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आणि आसपास वीसहून अधिक बालके खोकल्याच्या एका औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. छिंदवाडा नागपूरला लागून आहे. यांतील कित्येक मुलांना उपचारासाठी नागपुरातच आणले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. या घटनेनंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळविले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. बहुतेक मुलांचा खोकला पाणी, विश्रांती आणि साध्या उपायांनी आपोआप बरा होतो. सरकारी परिपत्रकाची भाषा रुक्ष असते. तरी ते वाचताना मला आजीच्या पुरचुंड्या आठवल्या. बाटली पांढऱ्या खोक्यात येते म्हणून ती निर्धोक ठरत नाही आणि पाला परसात उगवतो म्हणून तोही निर्धोक ठरत नाही.

येथवर बटव्यात काय असावे याचा विचार झाला. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न बटवा केव्हा मिटावा हा आहे.

१९७७ सालचा पौष महिना होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा सात महिन्यांचा होता. दोन दिवस त्याला सर्दी होती. आजीने ओवा तव्यावर गरम करून, त्याची फडक्यात पुरचुंडी बांधून, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिली आणि मग त्याची छाती शेकली. तिसऱ्या रात्री तो दूध ओढीना. आजीने कंदील जवळ घेतला, त्याचे झबले वर केले आणि त्याच्या पोटाकडे एकटक पाहत राहिली. प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. लोहाराच्या भात्यासारखा तो श्वास चालला होता. आई म्हणाली, "आत्याबाई, अजून एकदा शेकायचं का?" आजीने उत्तर दिले नाही. तिने बटव्याची दोरी ओढली, तो खुंटीला अडकवला आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "लेका, हे माझ्या बटव्यातलं न्हाई. बैलं जुंप."

तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत उजाडले होते. डॉक्टरांनी न्यूमोनिया असल्याचे सांगून इंजेक्शने सुरू केली. भाऊ वाचला. आजीचे वैद्यकीय ज्ञान मला त्या रात्री दिसले, तेवढे कोणत्याही काढ्यात दिसले नाही.

अशी दृष्टी प्रत्येक घरात असते असे नाही. आपल्या परंपरेत शेकणे होते तसे डागणेही होते. धाप लागलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळीने डाग देण्याचे प्रकार मध्य प्रदेशातील शहडोल भागात २०२३ मध्येसुद्धा उजेडात आले आणि त्यात बालके दगावली. तेव्हा 'जुने ते सोने' असे म्हणण्यापूर्वी थांबले पाहिजे. मग दृष्टी कशी यावी? ती शिकविता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात घडले.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा न्यूमोनियाने लहान मुले मोठ्या संख्येने दगावत होती. मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजले तर न्यूमोनिया ओळखता येतो. परंतु गावातील सुइणींना अक्षरे येत नव्हती, घड्याळ वाचता येत नव्हते आणि अनेकींचे मोजणे बारापर्यंतच जात होते. यावर त्यांनी एक साधे उपकरण तयार केले. त्यात एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर तो न्यूमोनिया. मोजणे बारापर्यंत येत असले तरी दहापर्यंत सर्वांना येत होते. प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्ते आणि सुइणी यांनी गावातच रोग ओळखून गोळ्या-औषध देण्यास सुरुवात केली आणि त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू, हा उपाय न केलेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर आले. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

शाळा अर्धवट सुटलेल्या, पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या वाचकांना मी ही हकिकत मुद्दाम सांगत आहे. त्या सुइणींनी आपला हात सोडला नाही, आपले शेकणे-चोळणेही सोडले नाही. त्यांनी त्याला मोजण्याची जोड दिली.

ते मोजमाप आपणांसही जमण्यासारखे आहे. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरले, तर तो घरगुती उपायांचा विषय नाही. त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ दूध पीत नसेल, ग्लानीत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसण्याचेही कारण नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत श्वासांइतकेच दिवस मोजणे महत्त्वाचे असते. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

माझी आत्या इचलकरंजीला राहत असे. यंत्रमागाच्या खडखडाटात आणि सुताच्या धुळीत तिची वीस वर्षे गेली होती. १९९३ मध्ये मी कोल्हापूरला एम.ए. करीत असताना तिला खोकला लागला. "सूत घशात जातं, दुसरं काय!" असे ती म्हणे आणि आम्हां सर्वांना ते पटे. तोपर्यंत आजी गेली होती. तिची विद्या आता माझ्याकडे आली आहे अशी माझी समजूत होती. दर पंधरवड्याला मी गावाहून अडुळशाची पाने आणवी, आजीप्रमाणे ती वाफवी, पिळी आणि रसाची बाटली घेऊन एस.टी.ने इचलकरंजीला जाई. आत्या कौतुकाने ती बाटली घेई. शेजारणींना सांगे, "माझी भाची एवढी शिकलीय, पण आईचं औषध विसरली नाही." खोकला काही दिवस उतरल्यासारखा वाटे, पुन्हा चढे. आत्या वाळत चालली होती. संध्याकाळी तिचे अंग कोमट लागे. मला ते दिसत होते, आणि मी पुढच्या खेपेला बाटली थोडी मोठी नेली. तीन महिन्यांनी तिच्या पदरावर रक्त पडले, तेव्हा थुंकीची तपासणी झाली. क्षयरोग होता.

आत्या बरी झाली, पण एक फुप्फुस कायमचे दुबळे राहिले. दोन जिने चढताना तिला बसावे लागे. माझ्या रसाने तिला अपाय केला असे कोणी म्हणणार नाही. तो रस उत्तमच होता. मी बटव्यातले सारे घेतले होते, फक्त दोरी घेतली नव्हती.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. म्हणून दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकलेला खोकला आपल्याकडे साधा समजायचा नसतो. त्याबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम किंवा थुंकीत रक्त असेल तर एक दिवसही दवडू नये. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि या काळातील पोषणासाठी रोग्याच्या खात्यात सरकारकडून रक्कम जमा होते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये आहे. औषधे सुरू असताना कोणी काढा घेतला तर डॉक्टरांना तसे सांगावे, लपवू नये. आमच्या पिढीला डॉक्टरांची इतकी भीती वाटे की घरी काय घेतले हे कोणी सांगतच नसे, आणि डॉक्टरही ते विचारीत नसत. दोष दोन्हीकडे होता.

लोक दिवस मोजत नाहीत ते अज्ञानामुळेच, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला दवाखान्यात जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे असते. काढ्याला मजुरी बुडवावी लागत नाही. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आजी ज्या चुलीवर काढा उकळीत असे, त्याच चुलीचा धूर घरातल्या निम्म्या खोकल्याचे कारण होता. स्वयंपाकघराला धुराडे नव्हते. आजी स्वतः जन्मभर खोकली. फुंकणी खाली ठेवून ती पदराने डोळे पुसे, खोकून घेई आणि मग आमच्यासाठी सुंठ उगाळायला बसे. तिच्या खोकल्यावर कोणी काही उगाळले असल्याचे मला आठवत नाही.

तो खणाचा बटवा आता माझ्याकडे आहे. त्याची मूळ दोरी जीर्ण झाली, म्हणून मी नवी घातली आहे. माझी लेक वडोदऱ्याला असते. तिचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. मागच्या थंडीत एका रात्री तिचा फोन आला. "आई, याला खोकला झालाय. शेजारच्या काकी आल्याचा रस आणि मध दे म्हणतात. देऊ का?"

मी म्हटले, "आधी त्याचं पोट बघ आणि श्वास मोज. घड्याळ लाव, पूर्ण एक मिनिट."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "अडतीस."

"खळगा पडतोय का बरगड्यांखाली?"

"नाही. आत्ताच दूध प्यायला."

"मग मध नको, अजून वर्षाचा व्हायचाय तो. काकींना राग येऊ देऊ नकोस, पण नको म्हणून सांग. दूध पाजत राहा. झोपताना डोकं थोडं उंच धर, अंगावर घेऊन बस. आणि मध्यरात्री उठून पुन्हा एकदा मोज."

"ओवा शेकू का? आहे घरात. इथे अजमो म्हणतात."

"शेक. पण पुरचुंडी आधी तुझ्या मनगटावर टेकवून बघ."